सर्व्हर अजून उस्मानाबादलाच

२०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. पाट्या, शिक्के बदलले, मग एका पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांना सर्व्हरचंही बारसं करावंसं वाटलं. विंडोजमध्ये नाव बदललं, मशीन रीस्टार्ट केलं. नव्या नावानं एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर, जोडलाही जातोय. तरी रोजकीर्दीच्या तळाशी 'उस्मानाबाद-डीबी' छापून येतंच. साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुम्हाला साधं नाव बदलता येईना?"

एसक्यूएलमध्ये सर्व्हरचं नाव सांगणारं ॲट-ॲट-सर्व्हरनेम विंडोजला विचारत नाही हो! मास्टर डेटाबेसात, म्हणजे एसक्यूएलच्या स्वतःच्या नोंदवहीत, जे नोंदलंय तेच सांगतं. 'सर्व्हरप्रॉपर्टी' ही दुसरी सोय आहे, तिला विचारा, ती मुकाट नवं नाव सांगते. पण रिपोर्ट लिहिणाऱ्यानं नेमकं पहिलंच वापरलेलं.

एफडी मोडायला आलेले एक काका काउंटरवर कोपरं टेकून स्क्रीनमध्ये डोकावत होते.

"काय करायलाव साहेब?"

"सर्व्हरचं नाव बदलायलो."

"गॅझेट केलं का?"

मी जुनं नाव काढायची आज्ञा, एसपी_ड्रॉपसर्व्हर, चालवली. एरर १५१९०: जुन्या नावावर रिमोट लॉगिन (दुसऱ्या सर्व्हरशी जोडलेली खाती) शिल्लक.

"मंजी देणंघेणं बाकी हाय," काका म्हणाले. "आधी नो ड्यूज घ्या."

एसपी_ड्रॉपरिमोटलॉगिननं ती लॉगिनं काढली, मग जुनं नाव निघालं. एसपी_ॲडसर्व्हरमध्ये नवं नाव टाकलं, पुढं 'लोकल'.

"ह्ये लोकल कशाला?"

"सर्व्हर इथलाच आहे हे सांगावं लागतं."

"रहिवासी दाखला! त्यो नसला तर परगावचा धरत्यात."

खरंच धरतात. 'लोकल' विसरलात तर ती दुसऱ्याच कुठल्या सर्व्हरची नोंद होते आणि सर्व्हिस रीस्टार्ट केल्यावर ॲट-ॲट-सर्व्हरनेम चक्क नल, म्हणजे रिकामं, दाखवतं. नेम्ड इन्स्टन्स (मशीनवर वेगळ्या नावानं बसवलेला एसक्यूएल) असेल तर उलटा स्लॅश देऊन इन्स्टन्सचं नावही जोडा. रिप्लिकेशन (डेटाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप पाठवणं) चालू असेल तर ते आधी काढा, नाहीतर या वाटेला जाऊच नका. काकांनी रिप्लिकेशनबद्दल विचारलं नाही, हे उपकारच.

आता राहिली सर्व्हिस रीस्टार्ट. त्याशिवाय नवं नाव लागू होत नाही. मॅनेजर म्हणाले, "नावासाठी काउंटर बंद ठेवायचं?" नाव बदलायची घाई मला होती का? शेवटी कॅश टॅली झाल्यावर रीस्टार्ट केलं. मेंटेनन्स प्लॅनच्या (बॅकअपसारख्या ठरलेल्या कामांच्या) कनेक्शनमध्ये आणि काउंटरच्या प्रत्येक पीसीच्या ओडीबीसीत, म्हणजे डेटाबेसशी जोडायच्या सेटिंगमध्ये, जुनं नाव तसंच होतं. ते हातानंच बदलत बसावं लागतं.

बिलावर 'सर्व्हरचे नाव बदलणे' एवढंच लिहिलं होतं. अकाउंटंटनं त्याचे टायपिंगच्या दरानं पैसे धरले.