सुई खाली ठेवा, 108 ला फोन करा

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. आत्याने पाठवला, अगदी काळजीपोटी. 'लकव्याचा झटका आला तर माणसाला जागचा हलवू नका, मेंदूतल्या केशवाहिन्या फुटतील. सुई तापवून हाताच्या दहाही बोटांना टोचा, थेंब थेंब रक्त येऊ द्या. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढा आणि पाळ्यांना टोचा. शुद्धीवर आला की मगच दवाखान्यात न्या.' वर कुठल्याशा चिनी प्राध्यापकाचा हवाला.

आत्याशी फोनवर बोलले. पण हा मेसेज ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये आहे, त्यांच्यासाठी इथे लिहिते आहे.

आधी 'हलवू नका'. सगळ्या मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हेच. आपण 'अंगावरून वारं गेलं' म्हणतो तेव्हा बहुतेकांच्या मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. बाकीच्यांची रक्तवाहिनी फुटलेली असते. गुठळी अडकून मोठी रक्तवाहिनी बंद झाली, तर मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि या साडेचार तासांतही जितकं लवकर तितका हात-पाय-वाचा परत येण्याची शक्यता जास्त. मोठ्या वाहिनीतली गुठळी जांघेतून बारीक नळी घालून ओढून काढता येते. 2015 साली एकामागून एक आलेल्या अभ्यासांनी त्याचा फायदा सिद्ध केला. हे साधारण सहा तासांत, काही निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंतही करता येतं. हे सगळं होतं ते रुग्णालयात. शुद्धीवर येण्याची वाट बघत घरी बसलात तर ही वेळ हातची जाते. रुग्णाला उचलून गाडीत ठेवल्याने केशवाहिन्या फुटत नाहीत.

'पण रक्तवाहिनी फुटली असेल तर?' आत्याने हेच विचारलं. प्रश्न रास्त आहे. गुठळी आहे की रक्तस्राव, हे वरून अनुभवी डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही; त्यासाठी सीटी स्कॅनच लागतो. म्हणूनच घरी ॲस्पिरिनसुद्धा देऊ नये. रक्तस्राव असेल तर ती गोळी त्यात भरच घालेल. पाणी, चहा, औषध, काहीही तोंडात घालू नका. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं.

आता सुई. मेंदूला रक्त जातं ते मानेतल्या धमन्यांमधून. बोटाच्या टोकातून दहा थेंब काढल्याने मेंदूतली गुठळी हलत नाही की फुटलेली वाहिनी मिटत नाही. कान ओढण्याबद्दल लिहावं असंही काही नाही.

मग 'आमच्या शेजारच्यांना टोचल्यावर बोलता आलं' हे लोक सांगतात, ते खोटं असतं का? नाही. गुठळी कधीकधी आपोआप विरघळते आणि काही मिनिटांत, तासाभरात तोंड सरळ होतं, हात उचलतो. श्रेय सुईला जातं. आणि खरा धोका पुढे असतो: असा उतरलेला झटका पुढच्या दोन-तीन दिवसांत मोठा झटका येण्याची सूचना असू शकतो. 'उतरलं, आता कशाला डॉक्टर' म्हणून घरी थांबलेल्या माणसाला त्याच दिवशी तपासलं, औषध सुरू केलं, तर तो मोठा झटका बऱ्याचदा टळतो.

'घरात सुई तयार ठेवा' असाही सल्ला त्यात आहे. त्याऐवजी बीपीचं मशीन ठेवा. वाढलेला रक्तदाब हे झटक्याचं सर्वांत मोठं कारण, आणि आपल्याकडे 'आता बरं वाटतंय' म्हणत बीपीची गोळी बंद करणारे घरोघरी आहेत. मधुमेह, तंबाखू, मिश्री, अनियमित पडणारे हृदयाचे ठोके हीसुद्धा कारणंच. लोणचं-पापड आणि वरून घेतलेलं मीठ कमी करा.

ओळखायचं कसं? अचानक तोंड एका बाजूला झुकलं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तोल गेला, दिसेनासं झालं, यातलं एकही झालं तरी 108. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. डॉक्टर तेच आधी विचारतील. आणि जवळच्यापेक्षा सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. कुठलं, ते आजच विचारून ठेवा.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना हे वाचून राग येईल, आणि तो योग्य आहे. स्कॅन दूर, इंजेक्शन महाग, न्यूरॉलॉजिस्ट मोठ्या शहरात. पण हिमाचल प्रदेशाने 2014 पासून, डोंगराळ मुलखात, यावर वाट काढली: स्कॅन असलेल्या जिल्हा रुग्णालयांत इंजेक्शन सरकारने मोफत दिलं आणि तिथल्या डॉक्टरांनी मोबाइलवरून दूरच्या तज्ज्ञाला विचारून ते टोचलं. ही सोय प्रत्येक जिल्ह्यात हवी, ही मागणी आपल्या आमदाराकडे करता येते. आत्याने तो मेसेज काढून टाकलाय. त्या जागी तिने तिच्या गावापासून सीटी स्कॅन किती लांब आहे ते लिहिलं: 42 किलोमीटर.