आधी हेतू धुऊन घ्या

कुणी अडचणीत दिसलं की लगेच धावत सुटू नका. आधी शांत बसा, डोळे मिटा आणि स्वतःला विचारा, मी हे का करतोय? समोरचा बुडत असेल तर त्याला जरा दम धरायला सांगा. हेतूशुद्धी घाईत उरकायची गोष्ट नव्हे.

शोधलंत की काहीतरी सापडेलच. मोर्चाला निघालात, पण मनात भरलेलं माणूस नेमकं त्याच मोर्चात असणार, हो ना? रक्तदान केलंत, मग प्रमाणपत्राला घडी पडू नये म्हणून घरून फोल्डर का नेला होता? निवेदनावर आपली सही पहिल्या पाचांत यावी म्हणून शेजारच्याला कोपर मारलंत, तेही कुणी पाहिलं नाही असं समजू नका. बरं, यातलं काहीच नाही, मदत करून नुसतं बरं वाटलं? तेही लबाडीतच जमा. जेम्स अँड्रिओनी या अर्थतज्ज्ञाने १९९० साली हे बरं वाटणंसुद्धा समीकरणात बसवून टाकलंय. देणाऱ्याला देण्यातच ऊब मिळते म्हणे. म्हणजे तुम्ही दान दिलं नाहीत, ऊब विकत घेतलीत.

गुप्तदानाची पळवाट आहे, पण ती निदान एका मित्राला सांगितल्याशिवाय झोप लागत नाही. (त्यालाही 'कुणाला सांगू नकोस' असं बजावायचं, म्हणजे तो नक्की सांगतो.)

हेतू गढूळ असला की काय अनर्थ होतो, ते २०१४ साली जगाने पाहिलं. एएलएस या असाध्य आजाराच्या नावाखाली लोकांनी डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतल्या आणि व्हिडिओ टाकले. केवढा तो दिखावा! त्यातून अमेरिकेतल्या एका संस्थेकडे सुमारे ११.५ कोटी डॉलर जमले आणि त्या पैशाची मदत झालेल्या संशोधनातून २०१६ साली या आजाराशी संबंधित एक जनुक हाती लागलं. एकाही रुग्णाने 'मिरवणाऱ्यांच्या पैशाचं संशोधन मला नको' म्हटल्याचं ऐकिवात नाही. रुग्णांनाही तत्त्वं म्हणून काही नसतात.

तेव्हा तुम्ही आपले घरीच बसा. वेळ जात नसेल तर दुसऱ्यांचे हेतू तपासा. या कामात उन्हात उभं राहावं लागत नाही, पदरचं काही जात नाही, आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांपेक्षा आपण चार बोटं वर आहोत हे समाधान मिळतं ते वेगळंच. ही उठाठेव कशासाठी, असं कुणी विचारलंच तर बेधडक सांगा, समाजहितासाठी.