मित्रांसोबत समुद्रावर जाताय? आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडा

सुट्टीत मित्रमंडळींचा किनाऱ्यावरचा दिवस ठरतो तो बघायच्या ठिकाणांच्या यादीवरून. सकाळी किल्ला, मग दीपगृह, दुपारी जेवण, त्यानंतर पाण्यात आणि शेवटी सूर्यास्त. या आखणीत समुद्राला उरलेली वेळ मिळते आणि तिथेच दिवस बिघडतो. माझं ठाम मत आहे की आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघाव्यात आणि बाकी सगळं त्यांच्याभोवती बसवावं.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. आज सकाळी ११ ला भरती असेल तर ओहोटी सव्वापाचच्या सुमारास, आणि उद्याची भरती बाराला दहा कमी असताना. हे गणित आठवडाभर पुढे न्या: सात दिवसांत वेळ जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे मागच्या शनिवारी जाऊन आलेल्या मित्राने दुपारी जिथे लांबच लांब वाळू पाहिली, तिथे या शनिवारी त्याच वेळी पाणी असणार. त्याचे फोटो बघून वेळ ठरवू नका. वेळापत्रकही तुमच्या किनाऱ्याजवळच्या बंदराचंच बघा, कारण पाणी किती चढतं ते जागेवर अवलंबून असतं. भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर ते जेमतेम वीतभर चढतं, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात १६ मीटरपर्यंत. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिचा जोर कमी.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, आणि हे फार कमी जण लक्षात घेतात. ओहोटी ते भरती या सहा तासांत एकूण चढाचे बारा भाग केले, तर ढोबळमानाने पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. ओहोटीला चालत एखाद्या खडकाळ बेटावर किंवा कड्याखालच्या गुहेत गेलेली मंडळी फसतात ती इथेच. पहिला तास पाणी जागचं हललेलं वाटत नाही, सगळे निवांत बसतात, आणि निघायचं म्हणेपर्यंत मागची वाट बुडालेली असते. शिवाय वाळूचा दांडा मधे उंच आणि किनाऱ्याकडची घळ सखल असेल तर पाणी आधी पाठीमागे भरतं. अशा ठिकाणी ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटीच्या वेळेला परतीला लागा. पाणी उतरलेलं दिसत असलं तरी.

आता पोहण्याबद्दल. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या उंचवट्यांमधल्या खाचेतून किंवा खडकाच्या कडेने जोरात आत ओढत जातं. यालाच रिप करंट म्हणतात. वरून बघितलं तर दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा शांत, जरा गडद दिसतो. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण ती जागा सुरक्षित वाटते. अनेक किनाऱ्यांवर ओहोटीच्या सुमारास ही ओढ वाढते, कारण पाणी त्या अरुंद खाचांतूनच जातं. ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. बुडणारा बहुधा सरळ किनाऱ्याकडे पोहत राहून दमतो. सापडलात तर आधी तरंगत राहा, हात वर करा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या. लाल-पिवळा झेंडा म्हणजे तेवढ्या भागावर जीवरक्षकांचं लक्ष आहे. लाल झेंड्याला पाण्यात उतरूच नये.

मित्रांच्या गटात सगळे एकदम पाण्यात जातात, ही मला सर्वांत धोक्याची सवय वाटते. एक जण कोरडा राहायलाच हवा. दर अर्ध्या तासाने पाळी बदला. त्याने डोकी मोजायची, गाडीची किल्ली आणि फोन सांभाळायचे, आणि कुणी ओढीत सापडलं तर जीवरक्षकाला बोलवायचं. त्याने स्वतः उडी टाकायची नाही, कारण वाचवायला गेलेलाच बुडतो असं वारंवार घडतं. दोरी, झाकण घट्ट लावलेली रिकामी मोठी बाटली, असं तरंगणारं काहीतरी फेकायचं. दारू प्यायलेल्याने पाण्यात जायचं नाही आणि पहाऱ्यावरही बसायचं नाही.

सनस्क्रीन लोक फारच कमी लावतात. एका प्रौढ माणसाच्या अंगाला एका वेळी ३० ते ३५ मिली लागतं. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं. पाच जणांत ५० मिलीची एक ट्यूब म्हणजे दीड माणसाची एक वेळ. उन्हात जाण्याच्या १५-२० मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावा. कान, पायांची वरची बाजू आणि गुडघ्यामागचा भाग हमखास राहून जातो. ढग असले तरी अतिनील किरणांचा मोठा भाग खाली पोचतो.

वाळूत खड्डा खणून मित्राला पुरायचा खेळ टाळा. ओली वाळू कणांमधल्या पाण्याने धरून राहते. वाळली की कड एकदम ढासळते, आणि आत अडकलेल्याला हाताने उकरून काढेपर्यंत उशीर होतो. गुडघ्याहून खोल खणू नका.

जेलीफिश डसली तर वाळूने घासू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू चिमट्याने काढा. व्हिनेगर काही जातींना चालतं, काहींना नाही, म्हणून तिथल्या जीवरक्षकाला विचारून मगच. श्वास अडखळला किंवा चेहऱ्यावर सूज आली तर थेट दवाखाना.

भटकंती पोहण्याआधी ठेवा. खारं पाणी अंगावर वाळलं की मांड्या आणि काखा कपड्याने सोलवटतात, आणि तसं किल्ल्याची चढण चढणं म्हणजे शिक्षा. सकाळी भरती असेल तर चढणीची ठिकाणं तेव्हाच उरकावीत. दहा ते चारच्या कडक उन्हात सावलीतलं काहीतरी बघावं. पायाची वाळू ओली असताना पुसू नका, सुकू द्या आणि टाल्कम पावडर चोळून झटका, लगेच सुटते. गाडी वाळलेल्या शेवाळाच्या आणि शिंपल्यांच्या रेघेखाली कधीच उभी करू नका, पाणी तिथवर येतं म्हणूनच ती रेघ आहे. चाक रुतलं तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, फिरणारं चाक स्वतःचाच खड्डा खणतं. टायरमधली हवा १५ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढची वाळू काढा, हळू बाहेर या आणि पक्क्या रस्त्यावर जाण्याआधी हवा पुन्हा भरा.

सूर्यास्त खडकावरून बघायचा असेल तर आधी खडकाचा रंग बघा. काळा, ओला, शेवाळलेला भाग लाटेच्या टप्प्यात असतो आणि निसरडा असतो. मोठ्या लाटा तीन-चारच्या गटाने येतात आणि मधे बराच वेळ शांतता असते, म्हणून किमान दहा-पंधरा मिनिटं लांबून बघूनच जागा निवडा. परतीची वाट उजेड असतानाच एकदा चालून बघा, आणि बॅटरी सोबत ठेवा.