लाँगबोर्ड घेताय? आधी तो हातात घेऊन जिना चढून बघा

परवा रात्री साडेअकराला खारघरहून भाचीचा फोन. तिला लाँगबोर्ड, म्हणजे रस्त्यावर फिरायचा लांब स्केटबोर्ड, घ्यायचा होता. "आत्या, अडतीस इंची घेऊ की बेचाळीस? ड्रॉप-थ्रू की टॉप-माउंट? पटकन सांग, सेल बारा वाजता संपतोय." मी म्हटलं, "सेल जाऊ दे गं. तू त्यावरून रोज कुठून कुठे जाणार आहेस, ते सांग." त्यावर आमचं पाऊण तास बोलणं झालं. गेल्या वर्षभरात ऑफिसातल्या तिघांनी आणि मरीन ड्राइव्हवर भेटलेल्या कितीतरी जणांनी हेच विचारलं आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आधी माझा रोजचा रस्ता. घरापासून माहीम स्टेशन चालत आठ मिनिटं. या आठ मिनिटांत फेरीवाले, दुचाक्या, खोदकाम, सगळं आलं, त्यामुळे बोर्ड हातात. मग चर्चगेटची स्लो लोकल. उतरल्यावर सब-वेचे जिने. समुद्राकडे चालत गेलं की मरीन ड्राइव्ह, आणि तिथून डावीकडे वळून नरिमन पॉइंटपर्यंत मी बोर्डवर. म्हणजे तासाभराच्या प्रवासात बोर्ड पायाखाली जेमतेम दहा मिनिटं असतो. बाकीचा सगळा वेळ तो माझ्या हातात, काखेत, नाहीतर गाडीत दोन पायांच्या मधे उभा.

लोकलने जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं गणित थोड्याफार फरकाने असंच निघतं. म्हणून माझं ठाम मत आहे की मुंबईत लाँगबोर्ड निवडताना तो चालतो कसा याच्याइतकंच तो उचलायला कसा आहे हे बघावं. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये हा मुद्दा जवळपास नसतोच, कारण तिथला माणूस घराच्या दारातून बोर्डवर चढतो आणि ऑफिसच्या दारात उतरतो.

माझा पहिला बोर्ड मी २०१९ मध्ये घेतला. बेचाळीस इंची, ड्रॉप-थ्रू. विकणाऱ्याने सांगितलं, नवशिक्यांना जितका लांब तितका चांगला. शिकण्यापुरतं ते बरोबरच होतं. ड्रॉप-थ्रूमध्ये ट्रक, म्हणजे चाकांचा धातूचा सांगाडा, डेकला, म्हणजे उभं राहायच्या फळीला, पाडलेल्या खाचेतून आरपार बसवतात. त्यामुळे डेक जमिनीच्या जवळ येतो. बोर्डवरच्या पायाचा गुडघा कमी वाकवावा लागतो, दुसऱ्या पायाने ढकलायला सोपं जातं, तोल सांभाळायला सोपा आणि लांब पल्ल्याला पाय दमत नाहीत. सलग पाच-सात किलोमीटर मोकळा रस्ता असेल तर याच्यासारखं सुख नाही.

पण बेचाळीस इंच म्हणजे एकशे सात सेंटिमीटर, आणि चाकं-ट्रकसकट वजन चार किलोच्या घरात. सकाळच्या लेडीज डब्यात हे घेऊन उभं राहून बघा. आडवा धरला तर शेजारच्या दोघींच्या नडगीला ट्रक लागतो, उभा धरला तर चाकांची काळी घाण कुणाच्या तरी ओढणीला. एक मावशी रोज दादरला चढायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "इस्त्रीचा बोर्ड आहे का गं?" मी सांगितल्यावर कौतुकाने बघितलं. चौथ्या दिवशी मात्र हळूच म्हणाल्या, "बाळ, जरा लहान मिळत नाही का यात?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. एकटीच्या हौसेने दहा जणींची जागा खाल्ली जात असेल तर वस्तू चुकीची निवडली आहे.

आता माझ्याकडे तेहतीस इंची आहे. चौऱ्याऐंशी सेंटिमीटर, मागे किकटेल, टॉप-माउंट, वजन तीन किलोच्या आत. टॉप-माउंटमध्ये डेक ट्रकच्या वर बसतो, त्यामुळे थोडा उंच असतो आणि ढकलताना गुडघ्याला जास्त काम पडतं. सुरुवातीचे पंधरा दिवस मांडी दुखली. पण वळणावर तो जास्त सहज ऐकतो, आणि मागची ती वर वळलेली शेपटी या शहरात सोन्यासारखी आहे. पुढे चेंबरचं झाकण अर्धा इंच वर आलेलं दिसलं की वेग कमी करायचा, मागच्या पायाने शेपटी दाबायची, नाक उचलायचं आणि पुढे जायचं. जागच्या जागी दिशाही बदलता येते. थांबलं की शेपटीवर पाय दिला, बोर्ड हातात. माझ्या बेचाळीस इंचीला शेपटीच नव्हती, दर अडथळ्याला उतरून, वाकून, उचलून पुन्हा ठेवावा लागायचा.

आता चाकं. मला विचाराल तर निम्मं बजेट मनातल्या मनात चाकांसाठी बाजूला काढा, डेकच्या चित्रासाठी नको.

उड्या-करामतींच्या साध्या स्केटबोर्डची चाकं साधारण ५० ते ५४ मिलिमीटर व्यासाची आणि कडक असतात, कडकपणा ९९ए ते १०१ए (आकडा जितका मोठा तितकं चाक कडक). गुळगुळीत स्केटपार्कसाठी ती उत्तम. तीच मुंबईच्या फुटपाथवर आणली की हरभऱ्याएवढा खडा पुरतो. चाक अडकतं, बोर्ड जागेवर थांबतो आणि माणूस पुढे जातो. मी मनगट असंच दुखावून घेतलं आहे, मित्राचा बोर्ड "फक्त दोन मिनिटं" म्हणून घेतला होता. चाक मोठं असलं की तोच खडा चाकाच्या परिघाला खूप खाली भेटतो, म्हणून चाक त्याच्यावर चढून जातं. आणि चाक मऊ असलं की खडा त्यात क्षणभर रुततो, धक्का वर पोचत नाही.

शहरात फिरायला ६५ ते ७० मिलिमीटर आणि ७८ए ते ८०ए, याच्या बाहेर जाऊ नका. मऊ चाक हळू चालतं असं पुष्कळ जण सांगतात. संगमरवरी लादीवर ते खरं आहे. खडबडीत डांबरावर उलट घडतं. कडक चाक प्रत्येक कणावर बोर्डला आणि तुम्हाला किंचित वर उचलत राहतं, आणि तुम्ही लावलेला जोर त्या थरथरीत वाया जातो. मऊ चाक ते कण पोटात घेतं आणि वेग टिकतो. एका ढकलीत किती लांब जाता ते मोजून बघा, लगेच कळेल.

या खेळाचा इतिहासही चाकांनीच बदलला आहे. कॅलिफोर्नियातल्या सर्फिंगवाल्यांनी फळीला चाकं लावून रस्त्यावर लाटा शोधायला सुरुवात केली तेव्हा ती चाकं धातूची असत, मग 'क्ले' म्हणून ओळखली जाणारी, एका मिश्रणाची आली. दोन्ही निसरडी, आणि बारीकशा खड्यावर अडणारी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने युरेथेनची, म्हणजे एका लवचीक प्लास्टिकची, चाकं बाजारात आणली, कॅडिलॅक व्हील्स नावाने. रस्ता धरून ठेवणारं चाक मिळालं आणि मावळत चाललेला खेळ पुन्हा उभा राहिला.

एक सावधगिरी. टॉप-माउंटला मोठी चाकं लावली की जोरात वळताना चाक डेकच्या पोटाला घासून ब्रेक लागल्यासारखं थांबतं. याला व्हीलबाइट म्हणतात आणि तो फार वाईट पाडतो. ट्रक आणि डेकच्या मधे रायझर, म्हणजे रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी, घाला, पाव इंचापर्यंतची पुरते. त्यासाठी थोडे लांब बोल्ट लागतात, ते बरोबरच मागवा.

ट्रकबद्दल थोडक्यात. किंगपिन, म्हणजे ट्रकचे भाग जोडणारा मधला जाड बोल्ट, बाहेरच्या बाजूला असलेले रिव्हर्स किंगपिन ट्रक वेगात स्थिर राहतात, आतल्या बाजूला असलेले साधे ट्रक आटोपशीर असतात. आपण गर्दीत ताशी दहा-पंधरा किलोमीटरने जाणारी माणसं, दोन्ही चालतात. त्यातली बुशिंगं, म्हणजे किंगपिनवरची रबरासारखी छोटी कडी, मात्र आपल्या वजनाप्रमाणे बदला. कारखान्यातून येतात ती कुठल्याशा सरासरी वजनासाठी असतात. पन्नास किलोच्या मुलीला बोर्ड वळतच नाही आणि नव्वद किलोच्या माणसाला तो डगमगतो, दोघांनाही वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. चार छोट्या तुकड्यांचा प्रश्न असतो.

बेअरिंगवर ७ आणि ९ आकडे बघून जास्त पैसे देऊ नका. तो आकडा बेअरिंग किती अचूक मापात बनवलं आहे एवढंच सांगतो, आणि खूप वेगाने फिरणाऱ्या यंत्रांसाठी त्याचं महत्त्व आहे. ७० मिलिमीटरचं चाक ताशी पंधरा किलोमीटरला मिनिटाला साधारण साडेअकराशे फेरे घेतं. इतक्या वेगाला बेअरिंग स्वच्छ आहे की नाही हेच महत्त्वाचं. आपल्याकडे खारा वारा आहे, रबरी झाकणाची बेअरिंगं घ्या. दीड-दोन महिन्यांनी काढून पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. आणि टी-आकाराचा स्केट पाना बरोबरच विकत घ्या. या नटांची मापं इंचात असतात, किंगपिनच्या नटाला गल्लीतल्या सायकलवाल्याचा १४चा पाना बसत नाही आणि १५चा सैल पडून नट झिजवतो.

पाऊस. जून ते सप्टेंबर माझा बोर्ड घरात असतो. ओल्या रस्त्यावर युरेथेन घसरतं हे एक, आणि दुसरं म्हणजे मेपलच्या सात थरांचा डेक पाणी प्यायला की कडेने फुगतो, थर सुटतात. पावसाळ्यात "आज उघडीप आहे" म्हणून बाहेर काढायचा मोह मला दरवर्षी होतो. उघडीप आकाशाला असते, रस्त्यावरची वाळू आणि बारीक खडी तशीच असते.

आणि रस्त्यांबद्दल बोलायलाच हवं. बोर्डवर उभं राहायला लागल्यापासून मला या शहराची जमीन तळपायाने कळायला लागली. पुलांवरचं मॅस्टिक डांबर कुठे लोण्यासारखं आहे (तिथे बोर्ड नेऊ नका, वाहनांचा वेग जीवघेणा असतो), नव्या काँक्रीट रस्त्यांवर घसरू नये म्हणून पाडलेल्या आडव्या रेघा पायात कशा झिणझिण्या आणतात, दोन स्लॅबच्या सांध्यावर चाक कसं ठोकलं जातं. सगळ्यात वाईट पेव्हर ब्लॉक. वीतभर अंतरावर एक फट, एक ब्लॉक वर तर एक खाली, आणि खोदून पुन्हा बसवले की त्यांची पातळी कायमची गेली. ७० मिलिमीटरचं मऊ चाकसुद्धा तिथे हात टेकतं.

मी उतरून चालू शकते. व्हीलचेअरवरच्या माणसाला उतरता येत नाही. त्याची पुढची दोन चाकंही लहानच असतात, माझ्या चाकांना जी फट अडवते तीच त्यांना अडवते. बाळाची गाडी ढकलणारी आई, स्टेशनपर्यंत ट्रॉली बॅग ओढणारे आजोबा, हातगाडीवाला, सगळ्यांची चाकं त्याच फटीत अडकतात. स्टेशनपासून पहिल्या किलोमीटरचे फुटपाथ सलग, सपाट आणि न खोदलेले मिळावेत, ही मागणी मी वॉर्ड ऑफिसात दोनदा लेखी दिली आहे आणि तिसऱ्यांदा देणार आहे. हौसेच्या खेळासाठी महापालिकेकडे काय मागता, असं एका ओळखीच्याने म्हटलं तेव्हा मला खरोखर राग आला. चाक ज्याला लागतं त्या प्रत्येकासाठी मागते आहे.

म्हणून माझा हट्ट असतो की बोर्ड मागवण्याआधी एक दिवस स्वतःचा रस्ता चालून बघा. जमिनीकडे बघत. कुठे फट, कुठे उतार, कुठे जिना, किती वेळ हातात धरावा लागेल. घरातली तीन किलोची पिशवी घेऊन त्याच वेळच्या लोकलमध्ये चढा. दोन दिवसांत उत्तर मिळतं.

थांबायला शिकल्याशिवाय मात्र माणसांत जाऊ नका. फूट-ब्रेक, म्हणजे एक पाय हळूच जमिनीला घासत वेग मारणं, मोकळ्या मैदानात किंवा सोसायटीच्या आवारात आठवडाभर करा. हेल्मेट घालाच. मरीन ड्राइव्हवर सकाळी चालणारे आजी-आजोबा असतात, त्यांच्या मागून आवाज न करता जाऊ नका. वाट आधी त्यांची आहे. गर्दी दिसली की मी उतरते.

भाचीला मी शेवटी काय सांगितलं? तिचं घर आणि कॉलेज दोन्ही खारघरमध्येच. लोकल नाही, जिना नाही, रुंद रस्ते, सकाळी वर्दळ कमी. तिला मी ड्रॉप-थ्रूच घ्यायला सांगितला, चाळीस इंचाच्या आसपासचा, फार लवचीक नसलेला. जास्त वाकणारा डेक ढकलताना जोर खातो. आणि खारघरला उतार आहेत, म्हणून आधी फूट-ब्रेक, मग उतार, असं तिच्याकडून वदवून घेतलं. "म्हणजे तुला जो नको झाला तोच मला?" असं तिने विचारलं. हो, तोच. तिच्या रस्त्याला तो योग्य आहे.

सेल बाराला संपला. तिने काही मागवलं नाही, कारण माझा बेचाळीस इंची घरातच पडून आहे. येत्या रविवारी ती माहीमला येऊन घेऊन जाणार आहे. डेक, ट्रक, सगळं नीट आहे, फक्त चाकं मी केव्हाच काढून तेहतीस इंचीला लावली आहेत. नवीन चार चाकं आत्याकडून.

आणि तुमच्यापैकी कुणाला विकत घेण्याआधी दोन्ही प्रकार पायाखाली घेऊन बघायचे असतील तर शुक्रवारपर्यंत सांगा. शनिवारी सकाळी साडेसहाला मी दोन्ही घेऊन नरिमन पॉइंटच्या टोकाला असेन, बेचाळीस इंचीला तोवर नवी चाकं बसलेली असतील. सपाट तळव्याचे बूट घालून या.