७२ तासांनंतरही तलफ येते, आणि त्यात तुमचा दोष नसतो

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. त्याआधी तो ऑफिसच्या ग्रुपवर फिरला होता, नंतर मावशीनेही पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘सिगारेट सोडायची आहे? फक्त ७२ तास काढा. तीन दिवसांत निकोटिन शरीरातून निघून जातं, पुढची तलफ हा निव्वळ मनाचा खेळ. गम, पट्ट्या, गोळ्या म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं लावून घेणं. तलफ आली की कडक कॉफी घ्या. आणि एक जरी ओढलीत तर सगळी मेहनत पाण्यात.’ खाली जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ पुढे पाठवा’.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण आमच्या मजल्यावरच्या काकांनी तो मेसेज अक्षरशः पाळला. वागळे इस्टेटमध्ये उभी हयात काढलेला माणूस, चाळीस वर्षं रोज एक पाकीट. डॉक्टरांनी दम भरल्यावर सोडली. तीन दिवस दात-ओठ खाऊन काढले. पाचव्या दिवशी संध्याकाळी लिफ्टपाशी भेटले तेव्हा चेहरा पार उतरला होता. म्हणाले, “तीन दिवसांत गेलं ना रे निकोटिन? मग अजून कसली तलफ येते? माझ्यातच दम नाही.” त्याच रात्री ते मला टपरीवर दिसले. म्हणून हे लिहितो आहे. मी स्वतः चौदा वर्षं ओढत होतो, आता सोडून चार वर्षं झाली.

आधी ७२ तासांचं बघू. आकडा खोटा नाही. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, त्यामुळे तीन दिवसांत ते जवळपास संपलेलं असतं. चूक पुढच्या वाक्यात आहे. वर्षानुवर्षं धूर घेतल्यावर मेंदूत निकोटिनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर वाढलेले असतात आणि ते पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात. चिडचिड, झोपमोड, कामात लक्ष न लागणं हा सगळा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. भूक तर त्याहूनही जास्त दिवस खवळलेली राहते. म्हणजे मेसेज ज्या दिवशी ‘जिंकलात’ म्हणतो, त्या दिवशी माणूस ऐन घाटमाथ्यावर उभा असतो. त्याला उतार लागायचाच असतो आणि आपण सांगतो, आता त्रास झाला तर तो तुझ्या मनाचा.

‘मनाचा खेळ’ या शब्दांचा मला खरा राग आहे. मी तेव्हा रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने कोपरखैरण्याला जायचो, ऑफिस महापे एमआयडीसीत. ऐरोली, रबाळे, घणसोली, गाडीत वीस-पंचवीस मिनिटं मला सिगारेट आठवायचीही नाही. कोपरखैरण्याला उतरून बाहेरची टपरी दिसली, उकळत्या चहाचा वास आला, की घशात ओढ सुरू. हे नाटक नव्हतं आणि मनाचा दुबळेपणाही नव्हता. रोज दहा सिगारेटी आणि प्रत्येकीचे दहा झुरके धरले तर वर्षाला छत्तीस हजारांहून जास्त वेळा मेंदूला हा धडा मिळतो: टपरी दिसली, चहा आला, जेवण झालं, साहेब ओरडले, की आता निकोटिन. झुरक्यानंतर ते दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, म्हणून धडा इतका पक्का बसतो. निकोटिन संपलं तरी टपरी तिथेच असते. पाचव्या दिवशी येणारी, दुसऱ्या महिन्यात एखाद्या लग्नात येणारी तलफ ही अशी शिकलेली तलफ असते, आणि शिकलेलं हळूहळू पुसलं जातं. दर वेळी टपरीसमोरून तसंच पुढे गेलात की थोडं पुसलं जातं.

शिवाय मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट, जी माझ्या सगळ्यात कामी आली: एकेक तलफ बहुतेक वेळा तीन ते पाच मिनिटांची असते, फार तर दहा. आपल्याला वाटतं, आता ओढली नाही तर ती वाढतच जाईल. तशी ती वाढत नाही. लाटेसारखी चढते आणि उतरते. मी घड्याळ लावून बघायचो. तेवढ्या वेळात चार जिने चढायचे, बाटलीभर पाणी घोट घोट प्यायचं, बडीशेप चघळायची, घरी असलो तर सरळ दात घासायचे. झपझप चालण्याने तर तलफ खरोखर कमी होते, त्यावर प्रयोग झालेले आहेत. पहिले तीन आठवडे मी स्टेशनच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडलो. पाच-सात मिनिटांचा फेरा पडायचा. जेवणानंतर टपरीवर जाणाऱ्या मंडळींना स्पष्ट सांगितलं, महिनाभर मला हाक मारू नका. एक-दोघांना राग आला, येऊ दे.

आता निकोटिनच्या गमचं. ‘एक व्यसन सोडून दुसरं’ हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. फुप्फुसं आणि हृदय खराब करतात ते मुख्यतः धुरातले डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर हजारो रसायनं. निकोटिन तुम्हाला त्या धुराशी बांधून ठेवतं. गममध्ये धूर नाही, आणि त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून सावकाश, मिनिटांच्या हिशोबाने रक्तात जातं. सेकंदात मिळणारा तो झटका नसल्याने त्याची चटक सिगारेटइतकी लागत नाही. साधारण तीन महिन्यांत कमी करत थांबवायचं असतं. १३० हून जास्त चाचण्या आणि ६४ हजारांवर माणसं एकत्र धरून कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये आढावा घेतला, त्यात गम-पट्टी वापरणाऱ्यांची सिगारेट सुटण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी जास्त दिसली. जागतिक आरोग्य संघटनेने ही उपचारपद्धती २००९ पासून अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवली आहे. चष्मा लावणाऱ्याला आपण कमकुवत म्हणत नाही.

मात्र गम च्युइंगगमसारखा चघळत बसलात तर उचकी लागेल, मळमळेल आणि ‘हे काही चालत नाही’ म्हणून फेकून द्याल. सावकाश चावायचा, तिखटसर चव आली किंवा झिणझिणलं की थांबून गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. गरोदर असाल किंवा नुकताच हृदयाचा त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

कॉफीचा सल्ला तर सरळ उलटा आहे. चहा-कॉफीने तोंडात आम्लता येते आणि गममधलं निकोटिन नीट शोषलं जात नाही, म्हणून गमआधी पंधरा मिनिटं ती टाळायची. आणि दुसरं, जे मला फार उशिरा कळलं: धुरातल्या रसायनांमुळे यकृत कॅफीन भराभर संपवत असतं. सिगारेट बंद झाली की तो वेग मंदावतो आणि तेवढ्याच कपांत रक्तातलं कॅफीन बरंच वाढतं. छातीत धडधड, रात्री टक्क जागं, हात अस्वस्थ. माणूस म्हणतो सिगारेट सोडल्याचा त्रास, त्यातला काही त्रास कॉफीचा असतो. सोडल्या दिवसापासून कप निम्मे करा.

शेवटचा मुद्दा, ‘एक ओढलीत तर सगळं पाण्यात’. एक झुरका धोक्याचा आहे हे खरं. पुष्कळ जण तिथूनच परत सुरू होतात. पण त्याला हे वाक्यही हातभार लावतं. पाचव्या दिवशी एक ओढली तर चार दिवस बिनधुराचे गेले, ते पुसले जात नाहीत. काकांनी त्या रात्री एक ओढली, आणि ‘आता काय उरलं’ म्हणून दुसऱ्या सकाळी अख्खं पाकीट आणलं. त्या रात्री थोटूक विझवून घरी येणं पुरेसं होतं. कुणाशी तरी बोलणंही. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो, त्याचं एक केंद्र मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आहे, आणि मराठीत बोलता येतं. काकांनी तो आकडा चाळीस वर्षांच्या पाकिटांपैकी शेवटच्या काही वर्षांत रोज पाहिला होता, लावला कधीच नव्हता.

या वेळी लावला. आज त्यांचा नववा दिवस. सकाळी तलावपाळीवर आम्ही चालत होतो, गडकरी रंगायतनपाशी ते थांबले. “येतेय बघ,” म्हणाले आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मी काही बोललो नाही, फक्त पाय उचलले. कौपिनेश्वराच्या दारात पोचेपर्यंत ते जांभळी नाक्यावरच्या भाजीचे भाव सांगायला लागले होते.