मोबाईल सोडताय? आधी स्टेटसला टाका

मोबाईल कमी करायचं ठरवलंत? अभिनंदन! पण गुपचूप कमी केलात तर सगळं फुकट जाईल. आधी स्टेटसला टाका. आमच्या साडूभाऊंनी टाकलं होतं. मावळता सूर्य, त्याच्याकडे बघणारे पाठमोरे साडूभाऊ आणि खाली ओळ : '२१ दिवस डिजिटल उपवास. स्वतःच्या शोधात.' टाकल्या टाकल्या फोन बंद करायचा नाही हं. किती जणांनी पाहिलं ते आधी बघायचं. पाहूनही ज्यांनी काही लिहिलं नाही, त्यांची नावं लक्षात ठेवायची. मग उपवास.

आणि उपवास म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. एकादशी, दुप्पट खाशी.

पुढची पायरी खरेदीची. मोबाईल सोडायला सामान लागतं. वापर मोजणारं ॲप, ॲपला कुलूप लावणारं ॲप, शिवाय हे सगळं मनगटावर दाखवणारं घड्याळ. तसा हा हिशेब २०१८ पासून ॲपल आणि गुगल दोघंही फुकटात देतात. बारच्या गल्ल्यावर व्यसनमुक्तीची पत्रकं ठेवावीत तसा. पण फुकटच्या औषधानं कुणाला गुण आलाय?

स्क्रीन काळीपांढरी करा. रील काळ्यापांढऱ्याही झकास दिसतात.

स्वतःचा फोन घरी ठेवून दुसऱ्याचा वापरा. हा उपाय रामबाण. उपवासाच्या सहाव्या दिवशी आम्ही दोघं पुण्याहून साताऱ्याला लग्नाला निघालो. चहाच्या टपरीवर साडूभाऊ म्हणाले, "स्कॅन तुम्ही करा हो, माझा फोन घरी." वडापावलाही तेच, पेट्रोललाही तेच. मग "जरा स्कोअर बघा." मग "हिला कळवा, शिरवळ गेलं म्हणून." खंबाटकीच्या घाटात माझी बॅटरी ११ टक्क्यांवर आली आणि साडूभाऊ खिडकीची काच खाली करून म्हणतात, "फोन नसला की किती शांत वाटतं ना!" हॉलवर नवरानवरीसोबत फोटो काढले, तेही माझ्याच फोनवर. "जपून ठेवा, बाविसाव्या दिवशी मला पाठवा."

घरातल्या पोरांचा फोनही कमी करायचा असेल, तर फॅमिली ग्रुपवर मोठा मेसेज टाका. निळ्या खुणा दिसल्या की काम झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोबाईल कमी करायचा म्हणजे नेमकं काय कमी करायचं? रील? छे! ती विहीर बिनतळाची आहे. न संपणाऱ्या स्क्रोलची कल्पना २००६ साली ज्यांनी काढली, त्या आझा रास्किन यांनाच पुढे त्याचा पश्चात्ताप झाला, तिथे तुमची काय कथा! तेव्हा रील राहू द्या. त्यापेक्षा फोन उचलणं बंद करा. कायम सायलेंटवर, टेबलावर पालथा. कुणाचा आलाच तर पूर्ण वाजू द्या, नाव वाचा, थांबला की दोन तासांनी 'बोला' एवढाच मेसेज टाका. आईचा असेल तर तोही नको, ती काय, उद्या परत करेलच. याला हल्ली मनःशांती म्हणतात.

साडूभाऊंनी ही पायरीसुद्धा गाठली. अकराव्या दिवशी रात्री पावणेदहाला सासूबाई बाथरूमच्या उंबऱ्यावर घसरल्या. वय ७६, घरात एकट्या. साडूभाऊ त्याच इमारतीत दोन मजले खाली. म्हातारीनं फरशीवर पडल्या पडल्या मोठ्या जावयाला सहा फोन लावले. एकही उचलला नाही. मेव्हणी बंगळूरला लेकीकडे. शेवटी फोन आला आम्हाला, ठाण्याला! बायकोनं कुठूनतरी जुन्या डायरीतून शेजारच्या काकूंचा नंबर शोधला. काकू बिचाऱ्या गाऊनवर ओढणी टाकून साडूभाऊंचं दार बडवायला धावल्या. बेल ऐकू जाईना, कारण साहेबांच्या कानात ते पांढरे बोळे. दहा मिनिटांनी दार उघडलं तेव्हा मागे सोफ्यावर लॅपटॉप उघडा आणि त्यावर रील चालू. एक गृहस्थ दह्यात साबुदाणा कालवत होते म्हणे. काकूंनी सांगितलं, मी मनचं सांगत नाही.

"लॅपटॉप म्हणजे मोबाईल नव्हे ना," हे त्यांचं उत्तर. नंतर. तोंड वर करून.

सासूबाईंचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

हसत हसत लिहायला बसलो होतो, पण आता नाही जमत. अहो, त्या यंत्राचं मूळ काम काय होतं? कुणी हाक मारली तर ओ देणं! नेमकं तेवढंच तुम्ही बंद करता आणि बाकीचा सगळा चिखल चालू ठेवता? सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, पोरं अभ्यासाला. साडेआठला परत भोंगा. तिथे कुणी स्वतःच्या शोधात जात नाही. अख्खं गाव एकदम फोन ठेवतं, त्यामुळे स्टेटस टाकलं तरी बघणार कोण? आणि सासू पडली तर घरात माणसं असतात, कानात बोळे न घातलेली. तुम्हाला रील सोडवत नाहीत ना? नका सोडू. मलाही सुटत नाहीत, काल रात्री दीडपर्यंत मीही बघत होतो. पण म्हाताऱ्या माणसांचे फोन उचला. एवढं साधं कळत नसेल, तर तुमच्या उपवासाला आग लागो.

साडूभाऊ, तुम्ही हे वाचताय. माहितीये मला, बाविसावा दिवस कधीच उलटून गेलाय. मंगळवारी आईंचं प्लॅस्टर काढायचंय. साडेदहाची वेळ मिळालीये. गाडी तुमच्याकडे आहे. आणि मी थोड्या वेळानं फोन करतोय, तो उचला.