‘एच’ म्हणजे काय, एवढं तरी सांगा!

वर्षभर राग गिळला. आज नाही गिळणार.

समोर चार रिपोर्ट पसरलेत. तीन बेळगावचे, एक कोल्हापूरचा. चारही माझ्याच रक्ताचे, थायरॉईडच्या तपासणीचे, चारहींचे पैसे मी मोजलेत. आणि त्यातली एक ओळ तरी मला कळावी म्हणून कुणी दोन मिनिटं खर्च केली नाहीत.

मी वडगावात राहते. घरी बसून साड्यांना फॉल-पिको करते. बेळगावचा पाऊस मला नवा नाही, पण गेल्या पावसाळ्यात घोंगडं पांघरूनसुद्धा पाय गार पडायचे. सकाळी उठलं की बोटं अशी सुजलेली असायची की सुईत दोरा ओवता येईना. फणीत केसांचा पुंजका. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या डोळे मिटायचे. घरच्यांना वाटलं, हिला आळस चढलाय. ते ऐकून घेतलं, कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासायला लिहून दिलं.

संध्याकाळी लॅबच्या खिडकीतून पाकीट हातात पडलं. टीएसएच ९.८. ठळक अक्षरात, आणि शेजारी इंग्रजी ‘एच’. त्याच्या खाली एफटी-फोर, म्हणजे थायरॉईडमधून रक्तात येणारं हार्मोन, ०.९, त्याला काही खूण नाही. मी विचारलं, “दादा, हे काय आलंय?” “ते डॉक्टर सांगतील.” डॉक्टरांकडं अडीच तास बाकावर बसले. आत गेल्यावर त्यांनी कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, “थायरॉईड आहे. ही गोळी चालू करा, सकाळी उपाशीपोटी.” आणि बेल वाजवली. पुढचा पेशंट दारात उभा.

थायरॉईड आहे म्हणजे काय हो? थायरॉईड गळ्यातली ग्रंथी आहे, ती प्रत्येकालाच असते. माझ्या ग्रंथीला झालंय काय, ते सांगा की!

‘एच’ म्हणजे हाय, एवढं मुलानं सांगितलं. मग गल्लीभर झालं, हिचं थायरॉईड वाढलंय. कुणी म्हणालं कोबी बंद कर, कुणी म्हणालं फ्लॉवरला हात लावू नको, कुणी सोयाबीन सोडायला लावलं. सगळा जिल्हा भाजी पिकवतो, इथून गाड्या भरभरून गोव्याला जातात, आणि मी सहा महिने घरात कोबी आणला नाही. रोजच्या जेवणात शिजवून खाल्लेल्या कोबीनं काही बिघडत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आणि मुळात वाढलं काहीच नव्हतं! माझं थायरॉईड कमी चालत होतं. टीएसएच थायरॉईडमध्ये तयारच होत नाही. मेंदूच्या खाली पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, तिची ती हाक असते. पोरगं अंथरुणातून उठत नसलं की आईचा आवाज चढत जातो ना, अगदी तसं. थायरॉईड जितकं सुस्त, तितका टीएसएच वर. म्हणजे कागदावर ‘हाय’ आणि शरीरात ‘लो’. एवढं एक वाक्य सांगायला कितीसा वेळ लागतो? मी वजन उतरायची वाट बघत बसले होते, कारण ‘थायरॉईड वाढलं की माणूस वाळतं’ असं कुणीतरी छातीठोक सांगितलं होतं.

शेजारी कन्नड बोलणारी अक्का राहते. तिलाही हेच दुखणं. इथं कुठलीही गोष्ट मराठी-कन्नडवर नेऊन टाकायची सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगते. आम्ही दोघी तिच्या कट्ट्यावर बसलो, दोघींचे कागद शेजारी ठेवले. तिला मराठी वाचता येत नाही, मला कन्नड वाचता येत नाही, आणि कागद दोघींनाही न येणाऱ्या इंग्रजीत. तिच्या लॅबवाल्यानं तिला “नॉर्मल ऐति री” एवढंच सांगून लावून दिलं होतं. किती नॉर्मल, गोळी घेऊन नॉर्मल की आपोआप नॉर्मल, काही नाही. नॉर्मल आलं म्हणून ती गोळी सोडून देणार होती! गोळी चालू आहे म्हणून तर नॉर्मल आलं होतं. या जिल्ह्यात बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा यावर मोर्चे निघतात. बाईच्या हातातला रिपोर्ट तिला वाचता येईल अशा भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, चार ओळींत द्या म्हणून कोण बोलत नाही.

तीन महिन्यांनी दुसरा रिपोर्ट. टीएसएच १०.६. कमी व्हायचा तो वाढला. गोळी २५ मायक्रोग्रॅमची ५० केली. मी गोळी नीट घेतेय का, कशी घेतेय, एका शब्दानं विचारलं नाही. त्यानंतर पंधरा दिवसांत एका लॅबची सूट निघाली म्हणून परत रक्त दिलं. १०.४. रात्रभर झोप नाही. कोण सांगणार की या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो, डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं असतं, पंधरा दिवसांच्या आकड्यावरून काही ठरत नाही? पैसे घेताना मात्र शेवटचा डोस कधी बदलला, हे काऊंटरवर कुणी विचारलं नाही.

मग मे महिन्यात बहिणीकडं कोल्हापूरला गेले आणि तिथं चौथी तपासणी केली. मुलानं मोबाईलवर रिपोर्ट उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. “आई, तुझं एफटी-फोर ०.९ होतं ते आता ११.६ झालंय.” बारापटीच्या वर! मी तिथंच खाली बसले. बहिणीनं पाणी दिलं. पोरगं नववीतलं, त्याच्यासमोर मी रडले.

काहीही वाढलं नव्हतं. बेळगावच्या लॅबनं आकडा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये दिला होता, कोल्हापूरच्या लॅबनं पिकोमोल प्रति लिटरमध्ये. ०.९ ला १२.८७ नं गुणलं की ११.६ येतात. तेच रक्त, तेवढंच हार्मोन. तोळ्याचं माप ग्रॅममध्ये लिहिलं म्हणून सोनं वाढत नाही, पण शेजारी बारीक अक्षरात छापलेलं एकक बघायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं? बरं, नॉर्मलची हद्दसुद्धा एक नाही. माझ्या बेळगावच्या कागदावर टीएसएच ०.२७ ते ४.२, कोल्हापूरच्या कागदावर ०.३५ ते ५.५. बहिणीचा ४.९ आला, तिला खूण नाही. तीच बेळगावात तपासली असती तर ‘एच’ घेऊन घरी आली असती.

बहिणीच्या शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्यांनी चारही कागद बघितले आणि मला पहिला प्रश्न विचारला, “गोळीनंतर चहा किती वेळानं घेता?” मी म्हटलं, चहाबरोबरच घेते. चहा काय जेवण आहे? उपाशीपोटीच की. आणि विसरायला नको म्हणून कंबरेसाठी दिलेली कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी. बाईंनी कपाळाला हात लावला. ही गोळी नुसत्या पाण्याबरोबर, त्यानंतर निदान अर्धा ते एक तास काही नाही, चहाही नाही. कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तासांनी. नाहीतर औषध अंगाला पुरतं लागत नाही.

जवळजवळ वर्षभर मी औषध घेतलं आणि त्यातलं किती अंगाला लागलं देव जाणे. त्यावर डोस वाढवला. त्या बाईंना हे विचारायला अर्धं मिनिट लागलं. अर्धं मिनिट!

मी डॉक्टरांची दगदग समजू शकते. बाहेर साठ माणसं बसलेली असतात, खानापूरच्या जंगलभागातून पहाटेच्या एसटीनं आलेली असतात. पण मग तुमच्या कंपाउंडरला सांगा, मेडिकलवाल्याला सांगा, एक चिठ्ठी छापून बाटलीला लावा. माझ्या भाचीनं केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू केल्या होत्या. काही लॅबच्या पद्धतीत त्यानं टीएसएच खोटा कमी आणि एफटी-फोर खोटं जास्त दिसतं, म्हणून त्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवायच्या असतात. तिचा रिपोर्ट उलटा आला, महिनाभर घर हवालदिल. रक्त घेताना ‘दुसरं काही औषध चालू आहे का’ एवढं विचारलं असतं तर?

गोळी नीट घ्यायला लागल्याला येत्या बुधवारी आठ आठवडे पुरे होतात. परत तपासायचंय, त्याच बेळगावच्या लॅबमध्ये, म्हणजे माप तेच राहील. आधीच्या चारही कागदांवर मी पेनानं तारीख, डोस आणि एकक मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. अक्कालाही बरोबर नेणार आहे, तिच्या कागदांसकट. डॉक्टरांनी बेल वाजवली तरी आम्ही दोघी खुर्चीवरून उठणार नाही.